दोरा तुटत नाही, ढिला पडतो

पत्र : मी दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहते. सासरे घोड्याबैलांचं चामड्याचं सामान शिवायचे. त्यांची नजर अधू झाल्यापासून शिवणकाम माझ्याकडे आलं आहे. सारंगखेड्याच्या यात्रेसाठी म्होरक्या (घोड्याच्या तोंडावर बांधायचे पट्टे) आणि लगामाचे पट्टे, पोळ्यासाठी घुंगरांचे पट्टे शिवते. भाचा पाकिटं शिवून घेतो आणि मोबाइलवरून विकतो. दोरा तापीवरच्या भोयांकडून आणलेला जाळ्याचा नायलॉनचा. त्याला मेणबत्ती घासते. गेल्या यात्रेत विकलेल्या चार म्होरक्या परत आल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "दोरा तुटत नही, ढिला पडस." शिवणीत पांढरा भुगाही दिसतो. कोणता दोरा घ्यावा, किती जाड? मेण कोणतं आणि किती लावावं? आपल्या भागात कापूस पिकतो, मग सुती दोरा चालेल का? मेण लावलेला तयार दोरा मिळतो, तो घेतला तर ही कटकट संपेल का? आणि परत आलेल्या म्होरक्यांचं काय करू?

उत्तर : ताई, गिऱ्हाइकानं निदान अचूक केलं आहे. दोरा तुटला असता तर तो कमजोर होता म्हटलं असतं. ढिला पडला याचा अर्थ तो ताणून लांबला, आणि भोकात त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. लांबणं हा नायलॉनचा गुण, पकड नसणं हा मेणबत्तीचा. तुमच्या टाक्यात खोट दिसत नाही, तेव्हा हात बदलायची गरज नाही, सामान बदला.

जाळ्याच्या दोऱ्याच्या रिळावर 210/6, 210/9 असे आकडे असतात. त्यातला 210 म्हणजे डेनियर : अशा एका धाग्याचं 9000 मीटरचं वजन 210 ग्रॅम. पुढचा आकडा असे किती धागे एकत्र पिळले ते सांगतो. दोरा वाईट नाही, पण तो जाळ्यासाठी केलेला आहे. मासा झटका देतो तेव्हा जाळं ताणलं जाऊन परत यावं लागतं, नाहीतर फाटेल. घोड्यानं मान झटकली की म्होरकीची शिवण मात्र जागची हलता कामा नये. नायलॉन तिथं प्रत्येक झटक्याला थोडा लांबतो, चामड्याचे दोन पदर केसभर सुटतात, फटीत धूळ शिरते आणि पदर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. त्यात घोड्याचा घाम. नायलॉन दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या 4 टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतो आणि ओला झाला की आणखी सैलावतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. उन्हातही नायलॉन पॉलिस्टरच्या आधी खराब होतो, आणि आपल्याकडे ऊन किती खातं ते तुम्हाला सांगायला नको.

मेणबत्ती म्हणजे पॅराफिन. ते गुळगुळीत असतं, चिकट नसतं. दोऱ्यावर बसतं पण दोऱ्यात मुरत नाही, आणि भोकातून जाताना खरवडून निघतं. तुमच्या शिवणीतला पांढरा भुगा तोच. शिवताना दोरा सुळकन जातो म्हणून बरं वाटतं, पण जो दोरा जाताना सुळकन जातो तो नंतर सुळकन सुटतोही.

दोरा कोणता

घोड्याच्या सामानाला आणि बैलांच्या पट्ट्याला पॉलिस्टरचा दोरा घ्या, पिळाचा किंवा विणलेला. दुकानात नुसतं "पॉलिस्टर" म्हणून मागू नका, कारण शिंप्याच्या मशीनचा दोराही पॉलिस्टरच असतो. "हातशिलाईचा, चामड्याचा, मेणाचा दोरा" म्हणा. मशीनच्या जाड दोऱ्यावर बहुतेक वेळा वरून लेप दिलेला असतो, म्हणजेच बॉन्डेड. त्या लेपामुळे मेण आत जात नाही, आणि सुईनं दोरा भेदून अडकवायला गेलात तर पदर फुटून पिंजतात. तो मशीनलाच राहू द्या.

विणलेला दोरा थोडा चपटा असतो. तो भोकात पसरून बसतो, सुईनं सहज भेदता येतो आणि शिवताना पीळ सुटत नाही. जाड कामाला आमची पसंती त्याला. पिळाचा दोरा टाक्यात गोल, ठसठशीत दिसतो, म्हणून पाकिटाला शोभतो.

लिननचा दोरा हा खोगीर शिवणाऱ्यांचा जुना दोरा. जवसाच्याच जातीच्या झाडाच्या खोडापासून तो निघतो. आपल्याकडे जवस बियांसाठी पेरतात, धाग्याचं वाण वेगळं आणि उंच असतं. लिनन तुटेपर्यंत ताणला तरी जेमतेम 2-3 टक्के लांबतो, ओला झाला की उलट मजबूत होतो, आणि मेण सगळ्यात चांगलं तोच पितो. अडचण दोन : सहज मिळत नाही, आणि मेण नीट नसेल तर घामानं, बुरशीनं कुजतो. रोज घाम पिणाऱ्या तंगाला, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याला, पॉलिस्टरच बरा. भाच्याच्या पाकिटांना मात्र लिनन मिळाला तर जरूर वापरा. त्याच्यावरचे आकडे वेगळे असतात : 18/3, 18/5, 25/3. पहिला आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, दुसरा आकडा पदरांचा. म्हणजे 18/5 हा 18/3 पेक्षा जाड आणि 25/3 त्याहून बारीक.

सुती दोऱ्याबद्दल सरळ सांगायचं तर घोड्याच्या सामानाला नको. कापूस जळगावचा असो की कुठलाही, त्याचा तंतू आखूड असतो, दोऱ्याला लव राहते, आणि तेवढ्याच जाडीत तो लिननपेक्षा पुष्कळ कमी वजन तोलतो. खारा घाम आणि बुरशी त्याला लवकर खाते. पोळ्याचे पट्टे ऐन पावसाळ्यात वापरायचे, तेव्हा तर नकोच. अस्तर टाचायला, शोभेचे गोंडे बांधायला खुशाल वापरा. ताग-अंबाडीची सुतळी कितीही पिळली तरी खरखरीत राहते आणि टाक्याच्या मुरडीत मोडते, तिचा विचार करू नका.

रिळावर काय लिहिलंय यावर विसंबू नका, कारण आपल्या बाजारात सगळ्याच कृत्रिम दोऱ्याला "नायलॉन" म्हणतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. जळका कागद असा वास आला आणि मऊ राख पडली तर सुती किंवा लिनन. वितळून आक्रसला, काळा धूर निघाला आणि टोकाला काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. वितळला पण धूर पांढुरका, मणी राखाडी-बदामी, तर नायलॉन. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चिकटून भाजतो, म्हणून चिमटा हवाच. मेणाचा दोरा असेल तर आधी गरम साबणपाण्यात चोळून मेण काढा, नाहीतर जळेल ते मेणच.

दुसरी परीक्षा ताणाची. म्होरकीच्या जाडीच्या दोऱ्यावर मीटरभर अंतरावर पेनानं दोन खुणा करा, खुंटीला बांधून खाली 5 लिटर पाण्याची बादली रात्रभर लटकवा. सकाळी बादली काढून तासाभरानं खुणांमधलं अंतर मोजा. बोटभर वाढलेलं दिसलं तर तो दोरा पट्ट्याला घेऊ नका.

जाडी

"जाड दोरा म्हणजे मजबूत शिवण" हा समज काढून टाका. जाड दोऱ्याला भोक मोठं लागतं, आणि मोठी भोकं जवळजवळ पडली की पट्टा नेमका शिवणीच्या रेघेवर फाटतो. उलट फार बारीक आणि फार ताकदीचा दोरा मऊ चामड्याला तारेसारखा कापत जातो. जुन्या कारागिरांचा दंडक असा की जबर ओढ बसली तर आधी दोरा तुटावा, चामडं नाही. दोरा पुन्हा शिवता येतो.

अंदाज असा धरा : दोन टाक्यांतल्या अंतराच्या पाचवा ते सहावा हिस्सा दोऱ्याची जाडी. पाकिटाला 3 मिमीवर टाके असतील तर 0.5 च्या आसपास, 4 मिमीवर 0.7 च्या आसपास. म्होरकी, लगाम आणि घुंगरांच्या पट्ट्याला टाके 5 मिमीवर आणि दोरा 0.8 ते 1 मिमी. तंगाला, रिकिबीच्या पट्ट्याला 6 मिमीवर टाके आणि 1 मिमी दोरा. याहून जाड दोऱ्याची गरज आपल्या कामात सहसा पडत नाही. दुकानात जाडी लिहिलेली नसेल तर पेन्सिलीवर दोऱ्याचे 10 वेढे एकमेकांना लागून, न दाबता घ्या आणि पट्टीनं रुंदी मोजा. 8 मिमी भरली तर दोरा 0.8 चा.

मेण

मधमाशीचंच मेण घ्या. सातपुड्यातून, धडगाव-मोलगीच्या बाजूनं, आग्या मोहोळाचं मेण बाजारात येतं. ते गडद पिवळं ते तपकिरी असतं आणि आपल्या कामाला उत्तम. भेसळ पॅराफिनची होते. ती ओळखायची तर हरभऱ्याएवढा तुकडा बोटात मिनिटभर मळा. खरं मेण आधी कडक लागतं, मग चिकणमातीसारखं वळतं आणि मधाचा वास देतं. पॅराफिन भुरभुरतं, बोटाला तेलकट लागतं. खऱ्या मेणाची ढेप फोडली तर आतला भाग दाणेदार आणि निस्तेज दिसतो.

कच्चं पोळं मिळालं तर ते पाण्यात उकळून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि पातेलं न हलवता गार होऊ द्या. मेणाची चकती वर येते. तिच्या पोटाशी काळा गाळ चिकटलेला असतो, तो रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या पात्यानं, खरवडून टाका. मधाचा अंश राहिला तर दोऱ्याला मुंग्या लागतात, म्हणून दुसऱ्यांदा उकळायचा कंटाळा करू नका.

पाकिटांना एवढं शुद्ध मेण पुरे. घोड्याच्या सामानाला त्यात राळ मिसळा, चीडाच्या झाडाची, पिवळसर काचेच्या खड्यासारखी दिसणारी. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. मेण दोऱ्याला बांधून ठेवतं, तर राळ त्याला चामड्याशी चिकटवते. नायलॉनच्या शिवणीत तुम्हाला हीच पकड कमी पडली. फिक्या दोऱ्याला राळ नको, तो पिवळा पडतो.

100 ग्रॅम मेणाला 20 ते 25 ग्रॅम राळ. राळ आधी खलात कुटून घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात स्टीलचं लहान भांडं बसवा आणि त्यात मेण वितळवा. भांडं थेट जाळावर ठेवायचं नाही. तापलेलं मेण पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडतो. पेटलंच तर वर ताट झाका आणि गॅस बंद करा. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भांड्यात मेण काळपट होतं, म्हणून स्टील. आणि ते जुनं असू द्या, कारण राळ त्यावरून पुन्हा निघत नाही. मेण पातळ झालं की राळेची पूड चिमटी-चिमटीनं टाकून काडीनं हलवत राहा. सगळी विरघळायला वेळ लागतो. खडे राहिले तर ते दोरा कापतात, म्हणून गाळून घ्या. मग तेलाचं बोट फिरवलेल्या वाटीत ओता.

इथं आपल्या हवेचा विचार करावाच लागतो. मधमाशीचं मेण 62 ते 65 अंशांच्या दरम्यान वितळतं, पण त्याच्या बरंच आधी ते मऊ पडतं. मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या घरात जातो, पत्र्याखाली तर विचारायलाच नको. अशा दिवसांत तेल घातलेलं मेण बोटाला, सुईला, चामड्याला फासतं, आणि शिवणीवर धूळ बसून काळी रेघ उमटते. यात्रेच्या वेळी, मार्गशीर्षात, पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा बिनतेलाचं मेण कडकून दोऱ्यावरून पापुद्रे सुटतात. म्हणून उन्हाळ्याच्या मेणात तेलाचा थेंबही नको. हिवाळ्याच्या मेणात वरच्या मापाला अर्धा लहान चमचा तिळाचं तेल घाला. विलायती मोचीही उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं मेण वेगळं करायचे, तेव्हा हा काही खानदेशी लाड नाही. पावसाळ्यात मेण कुठलंही चालतं, दोरा मात्र कोरडा हवा. दमट दोऱ्यावर मेण लावलंत तर ओल आत कोंडते. रीळ आधी गव्हाच्या कोठीवर किंवा चुलीजवळच्या फडताळात दिवसभर ठेवा.

मेण बरोबर जमलं की नाही हे नखानं कळतं. काम करायच्या जागी वाटीत नख दाबा. खूण उमटली आणि बोट कोरडं निघालं तर ठीक. तार सुटली तर पुन्हा वितळवून थोडं शुद्ध मेण घाला. कड तडकली तर तेलाचे दोन-चार थेंब.

लावायचं कसं

तुम्ही विचारलंत "किती लावावं". आकडा हवा असेल तर कोऱ्या दोऱ्यावर मेण तीन-चार वेळा फिरवा, तयार दोऱ्याला एकदा. पण मोजण्यापेक्षा दोरा गरम झाला का ते पाहा. मेण दोऱ्यात शिरतं ते घासण्याच्या उष्णतेनं. नुसता दोरा वाटीवरून हळूहळू ओढला तर मेण वरच बसतं आणि पहिल्या दहा भोकांत खरवडलं जातं.

दोरा कापून एक टोक खुंटीला अडकवा. मेणाच्या वडीला रापीनं एक खाच करा, दोरा खाचेत घ्या आणि अंगठ्यानं दाबून वडी खुंटीकडून स्वतःकडे, एकाच दिशेनं, झपकन ओढा. मागेपुढे घासलंत तर लव उभी राहते. एकाच दिशेनं ओढलं की ती निजते. दोन वेळा झालं की टोकं उलटी करा, म्हणजे खुंटीजवळचा भागही सुटत नाही. मग जाड सुती कापडाची घडी किंवा चामड्याचं उलट्या बाजूचं कातरण दोऱ्यावर चिमटीत धरून जोरात, भराभर, चार-पाच वेळा फिरवा. बोटांना चटका जाणवला पाहिजे. याच क्षणी मेण वितळून पदरांच्या आत जातं, आणि जास्तीचं कापडावर येतं. नीट मेण लागलेला दोरा तुळतुळीत आणि एकसंध दिसतो, त्यावर कुठंही गुठळी नसते. एक टोक दोन बोटांत धरलं तर क्षणभर आडवा ताठ राहतो, मग वाकतो. बोटांत मुरडून पाहा : पदर सुटे झाले तर मेण आत गेलेलं नाही, पांढरी रेघ फुटली तर वर जास्त राहिलंय. जास्तीचं मेण शिवण मजबूत करत नाही, ते भोकाच्या तोंडाशी साचून धूळ धरतं.

शेवटी दोरा खुंटीवरून दुहेरी घेऊन दोन्ही हातांनी एकदा सणसणीत ताणा. त्याला जेवढं लांबायचं तेवढं इथंच लांबू द्या. कुठं गाठ किंवा कच्चा पदर असेल तर तोही इथंच तुटेल.

तयार मेणाच्या दोऱ्यानं कटकट निम्मी संपते, सगळी नाही. कारखान्यातून येताना त्यावर बरेचदा गरजेपेक्षा जास्त आणि निसरडं मेण असतं. तो खाकी कागदाच्या घडीत घेऊन कोमट इस्त्रीखालून ओढा, जास्तीचं मेण कागद पिईल. मग राळेचं मेण एकदा फिरवा आणि कापडानं गरम करा. पाकिटांना मात्र कागदातून ओढलेला तसाच वापरा. रिळं उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, वेढे एकमेकांना चिकटून बसतात. माठाशेजारी, डब्यात ठेवा.

दोरा किती कापायचा

"शिवणीच्या चारपट" हा नियम सगळे सांगतात आणि जाड पट्ट्याला तो हमखास तोकडा पडतो. दोरा रेघेवरून जातो तसा प्रत्येक भोकात चामड्याच्या जाडीतूनही जातो. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून शिवायचं धरून हिशेब करा : म्होरकीचे दोन पदर मिळून 8 मिमी, टाके 5 मिमीवर. दर टाक्याला एका सुईचा दोरा 5 + 8 = 13 मिमी खातो, दोन सुयांचा 26. शिवण 20 सेंमी म्हणजे 40 टाके. 40 गुणिले 26 म्हणजे 104 सेंमी. त्यात दोन्ही सुयांना धरायला आणि शेवटी उलटं शिवायला 45 सेंमी. कापायचा दोरा दीड मीटर. पाकिटाच्या 20 सेंमी शिवणीला, दोन पदर 2.4 मिमी आणि टाके 4 मिमीवर धरले तर 64 सेंमी अधिक 45, म्हणजे सव्वा मीटर कापला तरी उरेल.

दीड-पावणेदोन मीटरपेक्षा लांब दोरा एका वेळी घेऊ नका. सुईकडचा भाग प्रत्येक भोकातून ओढला जातो, त्यामुळे शिवण लांब असेल तर शेवटी तोच पिंजलेला आणि बिनमेणाचा उरतो. लांब पट्ट्याला मध्ये दोरा जोडावा. जुन्या दोऱ्याचे शेवटचे तीन टाके नव्यानं दुहेरी शिवले की जोड पक्का होतो, गाठ मारायची नाही.

सुया दोन, बोथट टोकाच्या. भोक पाडणं आरीचं काम. टोकदार सुई समोरून येणाऱ्या दोऱ्यात घुसते आणि मग तो मागे ओढता येत नाही. सुईचं नेढं दोरा दुमडून जेमतेम जाईल एवढंच असावं. दोऱ्याचं टोक मेण लावायच्या आधी निमुळतं करा : लिननचे पदर उलगडून शेवटचे 5-6 सेंमी रापीच्या पाठीनं खरवडा, पॉलिस्टरचं टोक तिरकं कापून नखानं चपटं करा. जाळू नका, मणी नेढ्यात जात नाही. 8-10 सेंमी दोरा नेढ्यातून घ्या, टोकाजवळ सुईनंच त्याला दोन-तीनदा भेदा आणि ते वेढे नेढ्यावरून खाली उतरवून ओढा. ही पकड गाठीपेक्षा बारीक आणि भक्कम.

तुम्ही आकड्याच्या आरीनं फास वर ओढून शिवत असाल, चपला शिवतात तसं, तर म्होरकीला ते सोडा. त्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात. एक टाका तुटला की पुढचे सैलावतात. शिवाय आकडा दर वेळी मेण खरवडतो आणि पदर चिरतो. दोन सुयांच्या टाक्यात दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात, एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. आरीचं पातं साधं, शंकरपाळ्याच्या आकाराचं आणि गंज नसलेलं हवं. गंजकं लोखंड आणि झाडाच्या सालीनं कमावलेलं ओलसर चामडं भेटलं की भोकाभोवती काळा डाग पडतो, तो निघत नाही. शिवणीची रेघ काठापासून 4 मिमी आत घ्या. दर टाक्याला तीच सुई आधी, तोच दोरा वर, आणि ओढ दोन्हीकडून सारखी.

शेवटी दोन-तीन टाके उलटे शिवून दोरा मिलिमीटरभर ठेवून कापा. पॉलिस्टर असेल तर लायटरची निळी ज्योत फक्त जवळ न्या आणि वितळलेलं टोक चमच्याच्या पाठीनं दाबा. ज्योत थेट लावली तर आधी मेण पेटतं आणि चामडं करपतं. लिनन नुसतं कापायचं. मग लाकडी मोगरीनं शिवण हलकेच ठोकली की भोकं दोऱ्याभोवती मिटतात.

नव्या दोऱ्यानं माल शिवायच्या आधी त्याच चामड्याच्या कातरणावर दहा टाके घाला. मधला एक टाका ब्लेडनं कापा आणि दोन पदर हातानं ओढून वेगळे करायचा प्रयत्न करा. शेजारचे टाके जागचे हलले नाहीत तर मेणाची पकड आली. मग तोच तुकडा मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा ओढा. घोड्याचा घाम याहून वेगळं काही करत नाही.

परत आलेल्या चार म्होरक्यांची शिवण पूर्ण उसवा, वरून दुसरी शिवण मारू नका. टाके मधोमध कापून दोऱ्याचे तुकडे चिमट्यानं ओढा, पॅराफिनचा भुगा ताठ ब्रशनं झाडा, आणि कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून एक दिवस सावलीत वाळू द्या. नवी भोकं पाडायची नाहीत. जुन्याच भोकांतून शिवायचं. ती आता सैल झाली असतील, म्हणून आधीच्यापेक्षा एक माप जाड दोरा घ्या, 0.8 नं शिवलं असेल तर 1 मिमी, राळेच्या मेणाचा. भोक लांबून फाटल्यासारखं दिसत असेल, विशेषतः बक्कल आणि कडीजवळ, तर तिथं दोरा बदलून भागणार नाही. तेवढा भाग रापीनं कापून नवा तुकडा तासून जोडा, किंवा तो पट्टा बाद करा आणि गिऱ्हाइकाला दुसरा द्या.